उबेर कप पहिल्यांदा अमेरिकेनं जिंकला होता? (आणि डबल्सचं भांडण)

तन्वीची_आई (इंदूर)
नमस्कार मंडळी, मुलगी १३ ची आहे, संध्याकाळी बॅडमिंटनला जाते. यंदा सरांनी तिला डबल्समध्ये टाकलं तेव्हापासून घरात तोंड फुगवून बसलीये, म्हणे ज्यांना सिंगल्स जमत नाही त्यांनाच डबल्सला पाठवतात, सायना-सिंधू कधी डबल्स खेळल्या का. म्हटलं टीमच्या स्पर्धांचं काही सांगून बघावं, म्हणून उबेर कपबद्दल (बायकांच्या देशोदेशींच्या टीमची बॅडमिंटन स्पर्धा) वाचायला घेतलं तर पहिले तीनही कप अमेरिकेचे! मी चाटच पडले. हे लोक नंतर गेले कुठे? कोणी नीट सांगेल का?

जुना_शटलर
ताई, बरोबर वाचलंत. १९५७, ६० आणि ६३, तिन्ही अमेरिका. पहिल्या वेळी ११च देश होते आणि फायनल इंग्लंडमध्ये लिदम सेंट ॲन्सला, डेन्मार्कला ६-१ नं हरवलं. त्यांच्याकडे जूडी डेव्हलिन होती, ऑल इंग्लंडचं (बॅडमिंटनची जुनी, मानाची स्पर्धा) सिंगल्स १० वेळा जिंकलेली बाई, आणि तिची बहीण सूझन डबल्सची जोडीदार. तेव्हा एका लढतीत ७ मॅच असायच्या, ३ सिंगल्स आणि ४ डबल्स, म्हणजे डबल्सच जास्त! हे तन्वीला आधी सांगा. आणि ज्यांच्या नावानं कप आहे त्या बेटी उबेरसुद्धा मूळच्या डबल्सवाल्याच, ऑल इंग्लंडचं सिंगल्स त्यांनी एकदाच जिंकलं, १९३५ ला, बाकीची सगळी विजेतेपदं डबल्स आणि मिक्स्डची.
बाकी अमेरिकेचं म्हणाल तर जूडी पुढे इंग्लंडला स्थायिक झाली, मागून तशा पोरी आल्या नाहीत, १९६६ ला जपाननं कप नेला तो गेलाच.

मालवी_मराठी
काय भिया, खरी गोष्ट तर राहूनच गेली. तेव्हा चीन आंतरराष्ट्रीय फेडरेशनमध्येच नव्हता, १९८१ नंतर आला आणि १९८४ पासून लागोपाठ पाच कप उचलले. त्याच साली स्पर्धेची रचनाही बदलली, आधी तीन वर्षांतून एकदा व्हायची, झोनच्या लढती कुठे कुठे चालू असायच्या, सुरुवातीला तर गतविजेते थेट शेवटच्या लढतीलाच उतरायचे (मजाच होती त्यांची). ८४ पासून दर दोन वर्षांनी, पुरुषांच्या थॉमस कपसोबत एकाच ठिकाणी, आणि ७ च्या ५ मॅच झाल्या. आता फायनल्सला १६ टीम असतात. २०२४ ला चेंगडूला जिंकून चीनचे १६ कप झाले.
पण माझी आवडती फायनल १९९४ ची, जकार्ता. २-२ झालेलं आणि शेवटची सिंगल्स खेळायला इंडोनेशियाची १४ वर्षांची मिया ऑडिना, समोर चीनची झांग निंग. मिया जिंकली, कप घरी. दहा वर्षांनी अथेन्स ऑलिंपिकच्या फायनलला ह्याच दोघी पुन्हा समोरासमोर, मिया तेव्हा नेदरलँड्सकडून, आणि सुवर्ण झांगला.

प्राची_कोर्टवर
तुम्ही दोघं इतिहासातच अडकलात, तन्वीचा प्रश्न वेगळाच आहे 😄 काकू, तिला २०१४ ची सेमीफायनल दाखवा, दिल्लीत आपण जपानविरुद्ध. सायना जिंकली, सिंधू जिंकली, २-० आणि अख्खं स्टेडियम उभं, आता एकच मॅच पाहिजे. मग आपली डबल्सची जोडी ज्वाला-अश्विनी हरल्या, तिसरी सिंगल्स तुलसी हरली, आणि २-२ ला शेवटची डबल्स खेळायला कोण उतरलं माहितीये? सायना आणि सिंधू. जोडी म्हणून. हरल्या, ब्राँझवर थांबलो. तेव्हा खेळल्या का विचारते ना, खेळल्या, पण दुसरी पक्की जोडी असती तर खेळायची वेळ आली नसती.
उलट २०२२ ला बँकॉकमध्ये कोरियाची आन से-यंग फायनलची पहिलीच मॅच चीनच्या चेन युफेईकडून हरली तरी कप कोरियाचाच, कारण दोन्ही डबल्स त्यांनी काढल्या. ५ मधले २ पॉइंट डबल्सचे असतात हो, आपल्याकडे क्लबात सगळ्यांना सिंगल्सच पाहिजे, पालकांना तर जास्तच (काकू, तुम्हाला नाही म्हणत).

जुना_शटलर
प्राचीशी सहमत, पण १३ व्या वर्षी फक्त डबल्स नको हं. दोन्ही खेळू द्या, पायांचं काम सिंगल्समध्येच होतं. सरांशी बोलून बघा.

तन्वीची_आई
सगळ्यांचे आभार. २०१४ वाली मॅच शोधून लावली, आधी 'मला नको' म्हणत होती, मग पोहे हातात तसेच आणि शेवटपर्यंत बघून राहिली. डबल्सबद्दल एक शब्द बोलली नाही, फक्त विचारलं की उबेर कपात मिक्स्ड असतं का?

मालवी_मराठी
नाही ताई, मिक्स्ड सुदीरमन कपात, १९८९ पासून. तिथे पोरंपोरी एकाच टीममध्ये, पाचही मॅच वेगवेगळ्या प्रकारच्या.