मदत हवी आहे: डोंगरातल्या दीड एकरावर एकटीनं राहायचंय, पाण्याचं गणित बरोबर आहे का?

नमस्कार. मी 23 वर्षांची आहे. पुणे जिल्ह्यातल्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात आजोबांची दीड एकर वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन आहे, सातबारा बाबांच्या नावावर. तिथं घर बांधून, शक्य तेवढं स्वतः पिकवून राहायचं हे माझं शाळेपासूनचं स्वप्न. जंगलात कुठंही खोपटं घालता येत नाही, वनखात्याची हद्द असते, हे ठाऊक आहे. म्हणून घरचीच जमीन.

अडचण पाण्याची. पावसाळ्यात तिथं धो धो कोसळतं, पण काळा कातळ पाणी धरत नाही. होळीनंतर झरा आटतो. रोजचे 40 लिटर धरले तर मार्च ते मध्य जून साधारण 4,200 लिटर लागतील. 300 चौरस फूट पत्र्यावर 1,000 मिमी पाऊस पडला तरी 28,000 लिटर होतात, म्हणजे पाणी कमी नाही, साठवण हवी. फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपून केलेली) टाकी कुणी बांधली आहे का? आठ महिने पाणी पिण्याजोगं राहतं का? पहिल्या पावसाचं पाणी सोडून देण्याची सोय कशी केलीत?

नाचणी, वरी, कुळीथ करेन. रानडुकरं आणि वानरांपासून पीक कसं राखता? रानभाज्यांपैकी टाकळा, कुर्डू, भारंगी ओळखते. शेवळं ही रानभाजी मात्र खाज मारायला काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालूनही घसा खवखवला, कुणी नीट शिकवेल का?

आई म्हणते, आधी एक उन्हाळा काढून दाखव. मला तिचं पटतं. एकट्या राहिलेल्या ताई-मावशी असतील तर जरूर लिहा.