प्रतिसाद: बरं व्हायची तयारी

'प्रार्थना करूनही मनाची जखम भरत नाही, म्हणजे विश्वास कमी पडतोय' हे वर आलंय, ते काही पटलं नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठच्या ३८ वर्षं आजारी माणसाला येशू विचारतो, बरं व्हायचंय का? पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो, असा तिथे समज होता. तो माणूस 'हो' म्हणतच नाही. मला पाण्यात सोडायला कोणी नाही, माझ्याआधी दुसराच उतरतो, हीच तक्रार! विश्वासाचा चकार शब्द नाही, तरी बरा होतो.

अडतं ते मदत घ्यायच्या तयारीपाशी. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१४) मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवायचं काम आजाऱ्याचंच आहे, आणि पुढे १६व्या वचनात पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलंय. हे जड जातं. इथे नागपुरात आमच्या प्रार्थनागटात एक काकू सगळ्यांसाठी तळमळीने प्रार्थना करायच्या. स्वतःचं विचारलं की "माझं काही नाही जी, बरं आहे" म्हणून विषय बंद. दिराशी शेताच्या वाटणीवरून वर्षानुवर्षं अबोला होता, हे सगळ्यांना ठाऊक. एकदा पावसामुळे मोजकेच लोक आले, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. दिराशी बोलणं अजून सणावारापुरतंच आहे, पण आता स्वतःसाठी प्रार्थना मागतात.

आणि कृपा करून कोणी यावरून गोळ्या बंद करू नका. स्कॉटिश मिशनने नागपुरात चर्च बांधलं तसं मुरे मेमोरियल हॉस्पिटलही काढलंच की.