शाळेतला हॅलोविन : तुमच्या आठवणी लिहा

दिवाळीची आवराआवर करताना कपाटाच्या वरच्या कप्प्यात पुठ्ठ्याची वासुदेवाची टोपी सापडली. मोरपिसं पार विस्कटलीत. ती घेऊन तिथेच बसले.

२००९, न्यू जर्सी, लेक किंडरगार्टनमध्ये. शाळेतून हॅलोविनचा, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या वेश करून खाऊ गोळा करायच्या सणाचा, कागद आला: शुक्रवारी वेश पिशवीत घालून पाठवा, दुपारी परेड, मुखवटे नकोत, खोटी शस्त्रं नकोत. माझ्या डोक्यात आपली वेशभूषा स्पर्धा, म्हणजे पाठ केलेली चार वाक्यं आलीच! आठवडाभर घोकून घेतली.

परेड म्हणजे शाळेभोवती एक फेरी. स्पायडरमॅन, राजकन्या, भोपळे, आणि मधे माझा वासुदेव. बोलायला कुणी सांगेना तसा त्याचा चेहरा पडत गेला. मी बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी वर्गात सगळ्यांना गालिच्यावर बसवलं, याला पुढे उभं केलं. चिपळ्या वाजवत सगळं म्हणाला, मराठीतच, "दान पावलं"सकट. वासुदेवाला लोक धान्य देतात हे मी इंग्रजीत सांगितल्यावर एका मुलीने आपलं चॉकलेट त्याच्या हातावर ठेवलं. मग रांगच लागली.

आता तो कॉलेजात, देशाच्या दुसऱ्या टोकाला. तुमचंही लिहा ना.

केशर
डोळे भरले गं. ती बाई थोर.

मनमोकळी
आमची झाशीची राणी तलवारीशिवाय गेली. नऊवारी शिवलेली होती म्हणून निभावलं. कंबरेला पट्टा बांधून म्हणे "तलवार घोड्यावर राहिली".

डब्लिनकर
इथे आयर्लंडात ऑक्टोबरच्या शेवटी शाळांना आठवडाभर सुट्टी, म्हणून वेश त्याआधीच्या शुक्रवारी. वर्गात बार्मब्रॅक कापतात, मनुकांचा गोडसर पाव, आत अंगठी लपवलेली. लेकीला मिळाली तर चार दिवस बोटातून काढेना. भोपळा कोरणं नंतर अमेरिकेत सुरू झालं, इथले जुने लोक सलगम कोरायचे. सलगम कोरून बघा एकदा, हात दुखतात!

आर्याची आई
मला हा दिवस फार जड जायचा. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी. बाकीचे खाऊ फोडायचे, ही पिशवी घट्ट धरून घरी आणायची. दुसरीत बाईंनी खाऊच बंद केला, पेन्सिली, स्टिकर, खोडरबर वाटले. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर तिने पिशवी उघडली. २०१४ पासून निळसर-हिरव्या भोपळ्याची खूण आली. तो दारात असला की तिथे खाऊशिवाय दुसरं काही मिळतं. आम्ही दरवर्षी ठेवतो.

केशर
@आर्याची आई, आमच्याकडेही अंड्याची. कळतं गं.

वाटसरू
आमच्या शाळेने हॅलोविन बंद करून 'फॉल फेस्टिवल' केला. काही घरं श्रद्धेमुळे पाळत नाहीत, त्यांची मुलं त्या दिवशी लायब्ररीत बसायची. माझ्या मुलाचा जिवलग मित्र त्यातलाच. वेश गेले याचं मुलाला वाईट वाटलं, पण मित्र शेजारी बसून भोपळ्याच्या बिया मोजत होता. दहा-दहाचे ढीग, आधी अंदाज, मग मोजणी. मला हे जास्त आवडलं.

झेंडू
थोडं अवांतर. टेक्सासमध्ये लेकाच्या वर्गात मेक्सिकन मुलं बरीच. नोव्हेंबरच्या १-२ तारखेचा त्यांचा मृतांचा सण, म्हणून बाईंनी कोपऱ्यात मेज मांडून घरून फोटो मागवले. आमची आजी त्याच पावसाळ्यात गेली होती. मुलाने तिचा फोटो ठेवला. मेजभर झेंडू! दसऱ्याचं तोरण आठवलं. झेंडू मूळचा त्यांच्याकडचाच, हे तेव्हा कळलं. मी घरी येऊन खूप रडले, पण बरं वाटलं.

पुणेकरीण
इथे रात्री नऊला ग्रुपवर निरोप, उद्या काळे-नारिंगी कपडे. नारिंगी कुठून आणू? गणपतीतला भगवा कुर्ता घातला.

मनमोकळी
वर्गातले भोपळे नंतर कुठे जातात? मी दोन घरी आणले, घारगे अगदी पाणचट झाले.

एक आजी
कोरायचा मोठा भोपळा पाणचटच. 'पम्पकिन पाय' या गोड पदार्थासाठी छोटा गोड मिळतो तो घे. किसून तुपावर वाफव, गूळ विरघळला की उतरव, कोमट असताना मावेल तेवढी कणीक आणि थोडी तांदळाची पिठी. पाणी घालू नकोस. जाडसर थाप.

धागाकर्ती
सगळं वाचतेय, एकीकडे चकल्या चालू आहेत. लेकाला टोपीचा फोटो पाठवला. त्याला बाईंचं नाव आठवतंय, वाक्यं एकही नाही. @एक आजी, खसखस लावायची का वरून?

एक आजी
हो, थापतानाच.