मदत हवी आहे: मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये बी पेशी नेमके काय करतात?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिसचे (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूवर उलटते तो आजार) निदान झाले असून डॉक्टरांनी तिला बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी करणारे औषध सुचवले आहे. उपचारांचा निर्णय त्यांच्याशी बोलूनच होईल. मला त्यामागचे शास्त्र समजून घ्यायचे आहे, कारण तिचे प्रश्न माझ्यापाशीच येतात.

आजवरच्या वाचनातून मला एवढे कळले आहे की, चेतवल्या गेलेल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून आत शिरतात आणि मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण परके समजून त्यावर हल्ला चढवतात. नॅटॅलिझुमॅब हे औषध पेशींना हा अडसर ओलांडू देत नाही, फिंगोलिमॉड हे औषध त्यांना लसिका ग्रंथींतच अडकवून ठेवते, आणि दोन्हींमुळे आजाराचे झटके कमी होतात. इथपर्यंत सारे जुळते.

बी पेशींपाशी मात्र मी अडखळते. त्यांचे काम प्रतिपिंडे बनवण्याचे, असे आपण शाळेत शिकतो, आणि बहिणीच्या मेंदूजलात ऑलिगोक्लोनल बँड (तपासणीत दिसणारे प्रतिपिंडांचे पट्टे) सापडले तेव्हा दोष याच प्रतिपिंडांचा असावा, असे मी धरून चालले होते. पण रिटक्सिमॅब काय किंवा अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेले ओक्रेलिझुमॅब काय, ही औषधे सीडी२० ही खूण असलेल्या पेशींना टिपतात. प्रतिपिंडांचा मोठा साठा निर्माण करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसतेच. प्रतिपिंडे बव्हंशी तशीच राहतात, तरीही एमआरआयवरचे नवे डाग काही आठवड्यांतच झपाट्याने घटतात. मग बी पेशींचा खरा उपद्रव टी पेशींना प्रतिजन (ज्याला ओळखून प्रतिकारशक्ती हल्ला करते तो घटक) दाखवून चिथावण्यात आणि दाह वाढवणारी सायटोकाइन्स (पेशींमधली संदेशवाहक प्रथिने) सोडण्यात आहे, असे समजणे बरोबर ठरेल का?

तसे असेल, तर अ‍ॅटॅसिसेप्टचे काय? तेही बी पेशींच्या विरोधातलेच औषध. परंतु झटके वाढल्यामुळे त्याची चाचणी २००९ मध्ये थांबवावी लागली. दाह आवरणाऱ्या बी पेशी किंवा प्लाझ्मा पेशीही असतात आणि त्या औषधाने त्यांनाच घालवले, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते, पण प्रतिकारशास्त्राचा अभ्यास असलेल्या कोणाकडून तरी ते तपासून घ्यायचे आहे.

आणखी एक शंका आहे. झटके न येताही जे अपंगत्व हळूहळू वाढत जाते, त्यात मेंदूतच वास्तव्य असलेल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारक पेशींचा वाटा मोठा असेल, तर रक्तातील बी पेशी घटवून त्यावर कितपत परिणाम होतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.