प्रतिसाद: सेटअप.एच बदलूनही पर्याय बंद होत नाही

डब्ल्यूएक्सविजेट्स या सी++ लायब्ररीत (खिडक्या-बटणं असलेले प्रोग्रॅम लिहिण्यासाठीची) कोणते भाग घ्यायचे ते सेटअप.एच ही फाइल ठरवते. तुम्ही विचारलंत तसं, विंडोजवर इन्क्लूड फोल्डरातल्या सेटअप.एचमध्ये मीडियाकंट्रोल (ऑडिओ-व्हिडिओ चालवणारा भाग) शून्य करूनही तो बिल्डमध्ये येतो, कारण मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) ती फाइल पहिल्या बिल्डलाच लिब फोल्डरात कॉपी करते. कॉपी असेल तर पुन्हा करत नाही. बदल त्या कॉपीतच करा, आणि डीबग (एमएसडब्ल्यूयूडी) व रिलीज (एमएसडब्ल्यूयू) या दोन्ही बिल्डच्या फोल्डरांत. एकीकडचा बदल हमखास राहून जातो. मग लायब्ररी क्लीन करून पूर्ण बांधा.

तुमचा प्रोग्रॅमही त्याच सेटअप.एचने कंपाइल व्हायला हवा. काही पर्यायांमुळे क्लासचे सदस्यच बदलतात. लायब्ररी आणि प्रोग्रॅमचं हे हेडर (सेटअप.एच) वेगळं पडलं तर लिंकिंग (तुकडे जोडणं) निभावतं आणि क्रॅश भलतीकडेच होतो. हे शोधणं फार जिकिरीचं.

लिनक्सवर सेटअप.एचला हात लावू नका, तिथे बिल्डआधी चालवायच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला --disable-mediactrl हा पर्याय द्या.