आईने टीव्हीवरच्या खेळात स्कूटर जिंकली, आधी 27,000 भरायला सांगतायत. भरू का?

गिरणीवालीची लेक:
आमची आई इस्लामपुरात पिठाची गिरणी चालवते. गेल्या महिन्यात एका वाहिनीच्या खेळात ती शेवटच्या फेरीपर्यंत टिकली आणि स्कूटर जिंकली. किल्ली घेताना तिच्या बांगड्यांच्या फटीत पीठ अडकलेलं होतं, तेसुद्धा टीव्हीवर दिसलं. आता फोन आलाय: गाडीची किंमत 90,000, त्याचे 30 टक्के आधी भरा, मगच गाडी. आई म्हणते, "जिंकलेल्या वस्तूचे पैसे कसले?" मला तर धडकीच भरलीय.

सातारकर७:
अजिबात भरू नका! माझ्या काकांना व्हॉट्सॲपवर 25 लाखांच्या केबीसी लॉटरीचा मेसेज आला होता, बच्चनसाहेबांच्या फोटोसकट. "आधी टॅक्स भरा" म्हणत 15 हजार उकळले.

रिटर्नवाला:
काकांचं ऐकून वाईट वाटलं, पण त्यांनी कुठला खेळ खेळलाच नव्हता. ताईंच्या आई खेळून जिंकल्यात.

मी पंधरा वर्षं लोकांची रिटर्न्स भरतोय. अशा बक्षिसावर सरसकट 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के सेस लागतो, बाकी कमाई शून्य असली तरी. रोख रकमेतून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केलेला कर, कापूनच देतात. 5 लाख जिंकले तर हातात साडेतीन. स्कूटरमधून काय कापणार? म्हणून कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू देऊ नये, असं कायद्यातच आहे. 10,000 च्या आतल्या बक्षिसावर टीडीएस नाही, त्यामुळे साधी पैठणी जिंकणाऱ्या बायकांना हे कळतही नाही. वाहिन्यांनी हे खेळाआधीच नीट समजावून सांगायला हवं. किल्ली हातात दिल्यावर सांगणं मला पटत नाही.

पण नुसत्या फोनवर विसंबून पैसे टाकू नका. लेखी पत्र मागवा, किंमत कशी धरली ते विचारा. पैसे कंपनीच्याच खात्यात, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. आईंचा पॅन द्या आणि 26एएसमध्ये, म्हणजे त्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याच्या तक्त्यात, रक्कम दिसेपर्यंत पिच्छा सोडू नका. रिटर्न भरताना सेसचे 1,080 लागतील.

गिरणीवालीची लेक:
दादा, खूप आभार. कंपनीचं पत्र आलं, किंमत शोरूमचीच धरलीय. आईने भिशीतले पैसे काढलेत. गाडी आली की म्हाताऱ्या माणसांची दळणं घरपोच द्यायची म्हणतेय.