हॉस्पिटलच्या नॉन-क्लिनिकल स्टाफला डिमेन्शियाबद्दल नक्की काय शिकवायचं?

सफाई_ते_सिक्युरिटी

मी एका हॉस्पिटलमध्ये फॅसिलिटीज बघतो, म्हणजे हाउसकीपिंग, पॅन्ट्री, लिफ्ट, सिक्युरिटी, व्हीलचेअर-स्ट्रेचर नेणारी मुलं, सगळं माझ्याच गळ्यात. औषधपाण्यातलं मला शून्य कळतं. आता वरून फर्मान आलंय की हॉस्पिटल डिमेन्शिया-फ्रेंडली करायचं, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या पेशंटला सोयीचं, आणि त्यात नुसते डॉक्टर-सिस्टर नाही तर तुमची माणसं पण हवीत, तेव्हा ट्रेनिंग लावा. लावलं. एका मोठ्या डॉक्टरांनी लेक्चर दिलं, मेंदू कसा आक्रसतो, प्रोटीन कुठे साचतं, स्लाइडवर स्लाइड, सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि बाहेर पडल्या पडल्या एका मावशींनी मला गाठलं, साहेब ते सगळं खरं, पण त्या कोपऱ्यातल्या आजी मला रोज बहीण समजून हाक मारतात, मी ओ देऊ का नको?

याचं उत्तर ना स्लाइडवर होतं ना माझ्याकडे.

दुसरं म्हणजे वॉर्डात सिस्टर लोक म्हणतात तुमची माणसं पेशंटमध्ये लुडबुड करतात, आणि मॅनेजमेंट म्हणतं त्यांनी पेशंटशी प्रेमाने वागावं. मग लुडबुड कुठे संपते आणि प्रेम कुठे सुरू होतं हे कोणी सांगेल का? त्यात निम्मी माणसं कॉन्ट्रॅक्टवरची, आज शिकवलेला उद्या दुसऱ्याच बिल्डिंगला. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय किंवा पेशंटच्या बाजूने बघितलंय त्यांनी लिहा प्लीज. पोस्टर छापा असं सांगू नका, पोस्टर आधीच छापून झालेत.

---

रात्रपाळी_इनचार्ज

मेडिसिन वॉर्डची इनचार्ज आहे, लुडबुड म्हणणाऱ्यांपैकीच एक समजा :)

आधी मावशींचं उत्तर. ओ द्यायची. पण "हो मी तुमची बहीणच" असं म्हणायची गरज नाही आणि "अहो मी सफाईवाली, तुमची बहीण नाही" असं दुरुस्त तर अजिबात करायचं नाही. आजींना त्या क्षणी बहिणीची आठवण येतेय, आपलं कोणीतरी जवळ हवंय, मग तोच धागा धरायचा, "बहिणीची आठवण आली का? कशी होती हो ती?" खोटं पण बोलावं लागत नाही आणि भांडण पण होत नाही. आणि "मला ओळखलं का?" हा प्रश्न तर सगळ्यांनाच बंद करा, डॉक्टरांसकट. तिथे आजी दरवेळी नापास होणार आणि ते त्यांना कळतं. त्यापेक्षा आपणच नाव सांगायचं, काय करायला आलोय ते सांगायचं, एका वेळी एकच गोष्ट आणि मग गप्प राहून थांबायचं. उत्तर यायला वेळ लागतो, आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिला पण जातो.

आता लुडबुड. आम्ही का चिडतो ते सांगते. पेशंट पाणी मागतो, मावशी मायेने ग्लास तोंडाला लावतात, आणि तो पेशंट ऑपरेशनसाठी एनबीएम असतो, म्हणजे त्याला तोंडाने काहीच द्यायचं नसतं. किंवा त्याला गिळायला त्रास असतो, साधं पाणी श्वासनलिकेत जाऊन न्युमोनिया होऊ शकतो, म्हणून सगळं दाटसर करूनच द्यायचं असतं. किंवा "बाथरूमला जायचंय" म्हणाला म्हणून एकट्यानेच हात देऊन उठवलं आणि दोघं खाली. म्हणून नियम सोपा ठेवा, खायला-प्यायला देणं, उठवणं-उचलणं, नळ्यांना हात लावणं हे सिस्टरला विचारल्याशिवाय नाही. बोलणं, चष्मा पुसून देणं, कॉल बेल हाताशी आणून ठेवणं, पडदा सरकवणं, "सिस्टरला सांगते आणि परत येते" म्हणून खरंच परत येणं, याला कोणाची परवानगी नको.

आणि एक गोष्ट जी मला तुमच्या माणसांकडून हवीच आहे. आमच्या ड्युट्या बदलतात, डॉक्टर राउंडला पाच मिनिटं येतात, पण कोपरा झाडायला रोज तीच मावशी येते. "काल आजी माझ्याशी बोलत होत्या, आज नुसत्या पडून आहेत, बघत पण नाहीत" हे तिला आधी दिसतं. डिमेन्शिया असा एका रात्रीत वाढत नाही हो, तो महिन्यांनी-वर्षांनी वाढतो. तासा-दोन तासात किंवा एक-दोन दिवसात माणूस बदलला तर ते बहुतेक डिलिरियम असतं, म्हणजे दुसऱ्या कशाने तरी अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, मागे इन्फेक्शन असेल, लघवी तुंबली असेल, पोट साफ नसेल, एखादं नवीन औषध असेल, दुखत असेल. आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो, गप्प पडून राहणारा सुटतो, कारण गप्प पेशंटचा कोणाला त्रास नसतो. त्यामुळे "आज वेगळे वाटतात" एवढं तीन शब्दात येऊन सांगितलं तरी मला ते लाख मोलाचं आहे.

---

बाबांची_लेक

मी पेशंटच्या बाजूने लिहिते. बाबांना मधल्या टप्प्यातला अल्झायमर, फ्रॅक्चरमुळे ॲडमिट होते.

स्कॅनला न्यायला एक मुलगा आला, काही न बोलता मागून व्हीलचेअरचा ब्रेक काढला आणि ढकलायला लागला. बाबांच्या दृष्टीने खुर्ची आपोआप चालायला लागली ना! त्यांनी दाराची चौकट धरली ती दोन्ही हातांनी, बोटं पांढरी पडली, सोडेनात. मुलगा म्हणाला पेशंट व्हायलंट आहे आणि तसं फाइलमध्ये गेलं पण. स्कॅन राहिला. दुपारी दुसरा आला, वयाने मोठा, तो समोरून आला, बाबांच्या पुढ्यात उकिडवा बसला म्हणजे नजर बाबांच्या नजरेच्या थोडी खालीच, नाव घेऊन हाक मारली, म्हणाला "काका, पायाचा फोटो काढायला जाऊ. ताई पण येतायत बरोबर." आणि हात पुढे करून नुसता थांबला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग स्वतः पाय उचलून फुटरेस्टवर ठेवला. लिफ्ट यायच्या आधी त्याने सांगितलं आता दार उघडेल, आवाज होईल. त्या माणसाला कोणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, मी विचारलं. तुमच्याकडे असा एखादा असणारच, लेक्चर त्याला द्यायला सांगा.

जेवणाच्या ट्रेचं पण बघा. सीलबंद डबा, वर प्लॅस्टिक ताणून लावलेलं, टेबल पायाशी. तासाभराने दुसरा माणूस येऊन भरलेला ट्रे उचलून नेतो आणि बाहेर सगळे म्हणतात पेशंट जेवत नाही. अहो उघडताच येत नाही त्यांना! ट्रे ठेवताना झाकण काढायचं, टेबल जवळ घ्यायचं, चमचा हातात द्यायचा, आणि भरलेला ट्रे परत नेताना सिस्टरला सांगायचं. कोणाला खायला चालतं ते ठरवणं सिस्टरचं काम, ट्रे तसाच परत गेला हे सांगणं पॅन्ट्रीवाल्याचं, यात लुडबुड कुठे आली.

आणि सिक्युरिटी. व्हिजिटिंग अवर्स संपले म्हणून मला बाहेर काढायचे, आणि मी गेले की बाबा घाबरून सलाईन ओढायचे आणि मग रात्री फोन की ताई या. ब्रिटनमध्ये यावरून २०१४ मध्ये जॉन्स कॅम्पेन नावाची चळवळच उभी राहिली, डिमेन्शिया असलेल्या डॉक्टर जॉन जेरार्ड यांना हॉस्पिटलमध्ये घरच्यांपासून लांब राहावं लागलं आणि त्यात ते फार खालावले, म्हणून त्यांच्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने सुरू केलेली. मागणी एवढीच की सांभाळणाऱ्या माणसाला पेशंटजवळ राहू द्या. तुमच्या गार्डला अशा नातेवाइकांचा वेगळा पास ओळखायला शिकवलंत तरी निम्मं ट्रेनिंग झालं माझ्या मते.

---

झाडूची_बाजू

वरचं सगळं पटलं पण एक कडू बोलतो. मी हाउसकीपिंग सुपरवायझर होतो. एका खोलीला किती मिनिटं ते ठरलेलं असतं, चेकलिस्टवर सही असते, उशीर झाला की बोलणी खायची. आता मावशी दोन मिनिटं उभी राहून बहिणीची गोष्ट ऐकणार, ती दोन मिनिटं कोणाच्या खात्यात? सिस्टर थांबून बोलली तर ती काळजी, मावशी थांबून बोलली तर ती कामचुकार. हे जोवर आहे तोवर ट्रेनिंग म्हणजे पगार तोच, काम वाढलं आणि वर सर्टिफिकेट.

त्यामुळे साहेब तुम्ही आधी तुमच्या हातातलं करा. ज्या वॉर्डात म्हातारी माणसं जास्त तिथली माणसं फिरवू नका, कॉन्ट्रॅक्टरशी बोलून ठेवा की हीच चार नावं इथे राहतील. तिथल्या खोल्यांचा वेळ चेकलिस्टमध्येच वाढवून द्या, तोंडी नको, कागदावर. ट्रेनिंग ड्युटीच्या वेळात घ्या, सुट्टीच्या दिवशी बोलावून नाही. आणि सकाळच्या हँडओव्हरला त्या मावशीला दोन मिनिटं उभं राहू द्या, नुसतं उभं नाही, तिला विचारा. आमच्या एका बाईंनी तीनदा सांगितलं होतं की या पेशंटचा कानातला मशीन चादरीत गुंडाळून धुवायला जाईल, कोणी ऐकलं नाही, गेला. त्यानंतर त्या बाईंनी काही सांगायचंच सोडलं. माणसं शिकवल्याने नाही, ऐकल्याने सुधारतात असं माझं मत, आणि ऐकायचं ट्रेनिंग वरच्यांना लागतं.

---

ओटी_म्हणजे_ऑपरेशन_नव्हे

ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (नावातच खुलासा केलाय). सगळे बोलण्या-वागण्याचं लिहितायत पण फॅसिलिटीजवाल्याकडे त्याहून मोठं शस्त्र आहे, इमारत!

डिमेन्शियात नुसती आठवण जात नाही, डोळ्याने दिसतं त्याचा अर्थ लावणं पण बिघडतं. दारातली काळी पायपुसणी काहींना खड्डा वाटते, मग माणूस तिथेच थबकतो किंवा उडी मारल्यासारखा पाय टाकतो आणि पडतो. चकाचक पॉलिश केलेली फरशी ओली वाटते. पांढऱ्या बाथरूममध्ये पांढरं कमोड दिसतच नाही, सीट वेगळ्या गडद रंगाची टाका, खर्च किरकोळ आहे. दारावर चित्र आणि शब्द दोन्ही, आणि पाटी इतकी वर नको की वाकून चालणाऱ्याला दिसणारच नाही. आरशात कोणीतरी परका माणूस उभा आहे असं वाटून घाबरणारे असतात, मग आरसा झाकायची सोय हवी. आणि भिंतीवरची बंद पडलेली घड्याळं, देवा, ती आधी काढा. संध्याकाळी पाचला सकाळचे दहा दाखवणारं घड्याळ डोळ्यासमोर लावून आम्ही पेशंटला विचारतो की आता किती वाजले.

रात्रीचा आवाज पण तुमच्याच खात्यात येतो. बादल्या आपटणं, फरशी घासायचं मशीन, कचऱ्याची ट्रॉली, गप्पा. झोप मोडली की डिलिरियमचा धोका वाढतो. अमेरिकेत शेरॉन इनौये यांच्या टीमने ७० वर्षांपुढच्या ८५२ पेशंटवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये आला, त्यात झोप, चालणं-फिरणं, पुरेसं पाणी, चष्मा, कानाचं मशीन, आज कुठला वार आहे ते बोलण्यातून सांगत राहणं असल्या साध्या गोष्टींवर भर होता, आणि त्यातलं बरंचसं काम ट्रेनिंग दिलेल्या व्हॉलंटियर्सनी केलं होतं. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, या पद्धतीत ९.९ टक्के. पण एकदा झाल्यावर त्याची तीव्रता काही कमी झाली नाही, म्हणजे फायदा आहे तो आधीच टाळण्यात. आणि झालाच तर वरच्या सिस्टर म्हणतायत ते "आज वेगळे वाटतात" लवकर कळणं महत्त्वाचं.

लेक्चर किती मोठं हवं, तर जपानमध्ये २००५ पासून सामान्य लोकांना डिमेन्शिया सपोर्टर करतात ते साधारण दीड तासाच्या वर्गात, दुकानदार, बँकेतली माणसं, शाळेची मुलं सगळे. त्यामुळे वेळ कमी पडतो हे कारण नको, विषय चुकतो. प्रोटीन काढा, व्हीलचेअर घाला, आणि माणसांना एकमेकांना ढकलायला लावा, एकदा मागून न सांगता आणि एकदा समोरून सांगून.

---

सफाई_ते_सिक्युरिटी

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. घड्याळं आजच मोजली, निम्मी बंद, लाज वाटली. काळ्या मॅट तर मीच ऑर्डर केलेल्या :( चेकलिस्टच्या वेळेचं आणि चार नावांचं कॉन्ट्रॅक्टरकडे लिहून पाठवलंय, बघू.

दोन गोष्टी राहिल्या. एक, माझ्या माणसांना कळणार कसं की कोणाला डिमेन्शिया आहे? पलंगावर खूण लावली तर ते बरं दिसतं का, घरच्यांना राग येईल. दुसरं, गार्ड लोक. संध्याकाळ झाली की एखादे आजोबा "मी घरी चाललो" म्हणत गेटपर्यंत येतात, दोन गार्ड दंड धरून परत आणतात, मग तमाशा.

---

रात्रपाळी_इनचार्ज

खुणेचं, पेशंटला किंवा घरच्यांना विचारूनच लावायची. ब्रिटनमधल्या बऱ्याच हॉस्पिटलांमध्ये निळ्या फुलपाखराची खूण असते, ती सुद्धा ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यासाठीच, आणि निदान झालेलं नाही पण गोंधळलेले आहेत अशांसाठी नुसती बाह्यरेषा. बाहेरच्याला फुलपाखरू दिसतं, स्टाफला कळतं. आजाराचं नाव मावशींना कळायची गरज नाही, "सावकाश बोला, समोरून या" एवढं पुरे. घरच्यांकडून पाच ओळी लिहून घ्या, कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाने भीती वाटते, कशाने शांत होतात. ऑस्ट्रेलियात टॉप फाइव्ह नावाने हेच करतात. ते कार्ड पलंगाशी, फाइलमध्ये पुरून नाही.

गार्डचं, संध्याकाळी शिफ्ट सुटते तेव्हा सगळे पिशव्या घेऊन निघतात ना, ते बघून आजोबांना पण वाटतं आपली सुटायची वेळ झाली. त्या वेळात ती वाट त्यांच्या दारासमोरून नको, किंवा दार लोटून घ्या. आणि निघालेच तर दंड धरायचा नाही, एकानेच जायचं, दुसऱ्याने लांब राहून सिस्टरला फोन करायचा. पहिल्याने बरोबरीने चालायचं, ते चाललेत त्याच दिशेने, "कुठे निघालात, मी पण येतो", आणि थोडं पुढे जाऊन गप्पा मारत वळवून आणायचं. बऱ्याचदा बाथरूम शोधत असतात, ते आधी विचारा. युनिफॉर्म बघून घाबरणारे असतील तर टोपी काढून जवळ जायला सांगा.

---

झाडूची_बाजू

टोपी काढली म्हणून गार्डला फाइन लागतो काही ठिकाणी, ते पण कॉन्ट्रॅक्टरला लिहून टाका त्याच पत्रात.